फार लॅप कशानं गेला?

आजचा भाग एका घोड्याचा आहे. घोडा ऑस्ट्रेलियाचा, मेला अमेरिकेत. पण ही गोष्ट मी का शोधत गेलो ते आधी सांगतो, त्याला दोन मिनिटं लागतील.

माझा मामा माथेरानला घोडा चालवायचा. घोड्याचं नाव राजा. मी सातवीत होतो, दिवाळीचा सीझन होता, पर्यटकांची झुंबड. एका संध्याकाळी राजाच्या पोटात कळा सुरू झाल्या. सारखा मान वळवून पोटाकडे बघायचा, पुढच्या पायानं जमीन खरवडायचा, बसायचा, उठायचा, लोळायचा. घामानं अंग निथळत होतं. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, सलाईनची बाटली लावली. बाटली अर्धी झाली तेव्हा राजा जरा शांत वाटला म्हणून मामीनं चुलीवर चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत राजा गेला.

त्यानंतर वर्षभर मामा एकच वाक्य बोलायचा. "चढ चढून आल्यावर मीच पाणी पाजलं."

बास. आता फार लॅप.

४ ऑक्टोबर १९२६. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर टिमारू गावाजवळ एक शिंगरू जन्माला आलं. दिसायला अजागळ, लांबलचक पायांचं. १९२८ च्या जानेवारीत लिलावात ते १६० गिनींना विकलं गेलं. शर्यतीच्या घोड्याच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे चिल्लर. सिडनीचा हॅरी टेलफर्ड नावाचा एक कडका ट्रेनर होता, त्यानं वंशावळ वाचून हे शिंगरू हेरलं होतं. पैसे मात्र डेव्हिड डेव्हिस या अमेरिकन व्यापाऱ्याचे. घोडा सिडनीला उतरला, डेव्हिसनं त्याला पाहिलं आणि तो भडकलाच. ट्रेनिंगचा एक पैसाही देणार नाही म्हणाला. शेवटी टेलफर्डनं घोडा तीन वर्षांच्या कराराने स्वतःकडे घेतला आणि बक्षिसातला तिसरा हिस्सा डेव्हिसला द्यायचं ठरलं.

नाव सुचवलं ऑब्री पिंग नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्यानं. त्यानं सांगितलेल्या आशियाई भाषेतल्या शब्दाचा अर्थ वीज. आकाशातली वीज हां, एमएसईबीची नाही.

हे नाव पुढे जगभर गाजलं, पण तबेल्यात त्याला कुणी फार लॅप म्हणत नव्हतं. तिथे तो बॉबी. आणि बॉबीचा माणूस होता टॉमी वुडकॉक. मोतद्दार. म्हणजे घोड्याला खरारा करणारा, चंदी चारणारा, त्याची लीद काढणारा, पाय चोळणारा. बॉबी सतरा हातांपेक्षाही उंच, तांबूस रंगाचा, खच्ची केलेला घोडा. तो टॉमीच्या मागेमागे पाळीव कुत्र्यासारखा फिरायचा. टॉमी त्याच्याजवळच झोपायचा.

बॉबी धावला ५१ शर्यती, जिंकला ३७. काळही लक्षात घ्या. १९२९ नंतरची जागतिक मंदी, ऑस्ट्रेलियात हजारो लोक बेकार, सरकारी रेशनच्या रांगेत उभे. अशा वेळी १६० गिनींचा हा घोडा लाखालाखाच्या घोड्यांना मागे टाकत होता. लोक त्याच्यावर का जीव टाकायचे, हे वेगळं सांगायला नको.

सट्टेबाजांना मात्र तो नकोसा झाला. कारण सरळ होतं, सगळेच त्याच्यावर पैसे लावायचे आणि तो जिंकायचा. १ नोव्हेंबर १९३०, मेलबर्न कपच्या तीन दिवस आधी, सकाळचा सराव संपवून टॉमी बॉबीला परत नेत होता. स्वतः एका तट्टावर, बाजूला बॉबी. एक गाडी आली आणि गाडीतून बंदूक बाहेर निघाली. टॉमीनं आपलं तट्टू गाडी आणि बॉबीच्या मध्ये घातलं. गोळी चुकली. त्याच दुपारी बॉबी एक शर्यत जिंकला आणि मंगळवारी मेलबर्न कपही.

हा प्रसंग लक्षात ठेवा. बंदुकीपुढे जो माणूस मध्ये आला, तोच पुढच्या गोष्टीतही आहे.

१९३१ च्या कपमध्ये बॉबीवर जवळजवळ ६८ किलो वजन लादलं गेलं. जिंकणाऱ्या घोड्याला जास्त ओझं, असा शर्यतीचा नियम. तो आठवा आला. मग डेव्हिसनं ठरवलं, याला अमेरिकेत न्यायचं. टेलफर्ड मागेच राहिला आणि जबाबदारी आली सव्वीस वर्षांच्या टॉमीवर. कालचा मोतद्दार आज ट्रेनर. सोबत जॉकी बिली एलियट आणि घोड्यांचा डॉक्टर बिल नील्सन. बोटीचा लांबचा प्रवास, परका मुलुख, त्यात खुराला चीर पडलेली. तरी २० मार्च १९३२ ला मेक्सिकोतल्या तिहुआना इथे आग्वा कालिएंते हँडिकॅप बॉबी जिंकला, तेही मैदानाचा विक्रम मोडून. खुराला खास पट्टीचा नाल ठोकून तो धावला होता.

तिथून त्याला विश्रांतीसाठी कॅलिफोर्नियातल्या मेनलो पार्कजवळच्या एका फार्मवर ठेवलं.

५ एप्रिलच्या पहाटे टॉमी नेहमीसारखा बॉबीकडे गेला. बॉबीच्या पोटात कळा येत होत्या, अंगात ताप होता. नील्सनला बोलावलं आणि उपाय सुरू झाले. इथे एक गोष्ट माहीत हवी. घोड्याला उलटी करता येत नाही. त्याच्या अन्ननळीची आणि जठराची रचनाच तशी असते, खाली गेलेलं वर येत नाही. आपल्याला विषबाधा झाली तर शरीर स्वतःहून बाहेर फेकायला बघतं. घोड्याच्या पोटात जे गेलं ते गेलं, मग ते विष असो की आंबलेला चारा. आज डॉक्टर नाकातून नळी घालून पोटात साठलेलं पाणी काढतात, शिरेतून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या देतात, वेळ पडली तर पोट उघडून ऑपरेशन करतात. १९३२ साली फार्मवरच्या तबेल्यात यातलं काय असणार? टॉमीच्या हातात होतं ते एवढंच, की त्याच्याजवळ थांबायचं, त्याला फिरवायचं, त्याच्याशी बोलायचं. काही तासांत बॉबीच्या तोंडानाकातून रक्त आलं. तो गेला तेव्हा टॉमी त्याच्याजवळच होता. त्या मोठ्या शर्यतीला जेमतेम सोळा दिवस झाले होते.

आणि मग प्रश्न सुरू झाला. कशानं?

पोट उघडून बघितलं तर जठर आणि आतडी सुजून लाल झालेली. ऑस्ट्रेलियात बातमी पोचली आणि लोकांनी निकाल लावून टाकला, अमेरिकन गुंडांनी विष घातलं. दुसरं म्हणणं असं, की फार्मवरच्या झाडांवर कीटकनाशक फवारलं होतं, ते उडून गवतावर पडलं. त्या काळच्या फवारणीत शिसं आणि आर्सेनिक असायचं. तिसरं म्हणणं, ओला लसूणघास खाऊन पोट फुगलं. आणि चौथं म्हणणं सगळ्यात अवघड, टॉनिक.

टॉनिकचं जरा सविस्तर सांगतो. १७८६ मध्ये थॉमस फाउलर या इंग्रज डॉक्टरनं आर्सेनिकचं एक पातळ औषध लोकांपुढे आणलं. आर्सेनिक म्हणजे आपल्या आजीबाईंच्या भाषेत सोमल. विषच. पण थेंबाच्या हिशेबात ते औषध म्हणून चालायचं. माणसं तापावर घ्यायची, कातडीच्या रोगावर घ्यायची. घोड्यांना दिलं की भूक वाढते, अंगावर तकाकी येते असा समज होता. शर्यतीच्या तबेल्यांत ते सर्रास असायचं, लपवाछपवी नव्हती. टेलफर्डच्या हातची टॉनिकांची वही २००८ साली मेलबर्नच्या संग्रहालयानं लिलावात विकत घेतली. तिच्यात आर्सेनिक आहे, स्ट्रिक्नीनसुद्धा आहे. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा तो रोजचा खुराक होता. एखादा डोस जास्त पडला, किंवा एकाच दिवशी दोन माणसांनी दिला, तर?

आता हे चारही तर्क पुन्हा एकदा टॉमीच्या बाजूनं बघा. आपल्याला ते कोडं वाटतं. त्याच्यासाठी प्रत्येक तर्क म्हणजे कुणाच्या तरी माथी दोष. गुंड असतील तर दोष गुंडांचा, पण पहारा कुणाचा होता? फवारणी असेल तर दोष फार्मवाल्याचा, पण त्या गवतावर घोडा कुणी सोडला? लसूणघास असेल तर चारा कोण घालायचं? टॉनिक असेल तर... वाक्य पुरं करायची गरज नाही. ज्याच्या हातून घोडा खातो, त्याच्या हाताकडेच शेवटी बोट वळतं. सगळ्यांत आधी ते बोट तो स्वतःच वळवतो.

मामाचंही तसंच झालं होतं. आधी म्हणाला इंजेक्शन चुकलं. मग म्हणाला दृष्ट लागली. मग कुणीतरी त्याला सांगितलं की थकलेल्या घोड्याला भसाभस पाणी पाजू नये, आणि तो तिथेच अडकला. राजाचं शवविच्छेदन कुणी केलं नाही. केलं असतं तर मामा सुटला असता का? मला नाही वाटत.

२००० साली घोड्यांच्या डॉक्टरांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्यांचं म्हणणं पडलं की हा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा आजार असावा. जिवाणूंमुळे आतडं सुजतं, जठरात पाणी साठत जातं आणि घोडा बघता बघता कोसळतो. धकाधकीचा प्रवास, बदललेला चारा, असलं काही निमित्त होऊ शकतं. १९३२ साली या आजाराला नावसुद्धा नव्हतं. या निदानात कुणाचाच दोष नाही. पण ते आलं तेव्हा टॉमी वुडकॉकला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

गोष्ट तिथेही थांबली नाही. मेलबर्नच्या संग्रहालयात बॉबीचं पेंढा भरलेलं रूप उभं आहे. २००६ मध्ये त्याच्या आयाळीचे मोजके केस काढून ते सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे अतिशय तीव्र क्ष-किरणांच्या यंत्राखाली तपासले. कातडी टिकवायला वापरलेलं आर्सेनिक केसांवर बाहेरून लागतं, पोटातून गेलेलं केसाच्या मुळातून वर चढतं. हा फरक ओळखून इव्हान केम्पसन आणि डर्मट हेन्री यांनी सांगितलं, की मरणाच्या साधारण ३० ते ४० तास आधी आर्सेनिकचा मोठा डोस त्याच्या पोटात गेला होता. आर्सेनिक होतं, हे केसांनी सांगितलं. कुणाच्या हातून गेलं, हे केस सांगत नाहीत. गुंडांचा हात, वाऱ्यानं आलेला फवारा आणि टॉनिकचा चमचा, केसाला तिन्ही सारखेच.

बॉबीची वाटणी कशी झाली तेही बघा. कातडी मेलबर्नला, सांगाडा न्यूझीलंडला वेलिंग्टनच्या संग्रहालयात, हृदय कॅनबेराला. ६.२ किलोचं हृदय. लोक रांग लावून बघतात. एका जनावराचे तीन तुकडे करून दोन देशांनी वाटून घेतले, आणि याला प्रेम म्हणतात. असेलही. मला ते जरा विचित्र वाटतं.

टॉमीच्या वाटणीला यातलं काहीच नव्हतं. तो ऑस्ट्रेलियाला परतला आणि त्यानं पुन्हा घोडेच सांभाळले. पुढे स्वतः ट्रेनर झाला. मोठं नाव नाही, मोठा तबेला नाही. वर्षामागून वर्षं गेली. मग त्याच्याकडे रेकलेस नावाचा घोडा आला. सुरुवातीला तो इतक्या शर्यती हरला की दुसऱ्या कुणी विकून टाकला असता. टॉमी लहान पोरांना त्याच्या पाठीवर बसवायचा. १९७७ साली याच घोड्यानं सिडनी कप, ॲडलेड कप आणि ब्रिस्बेन कप जिंकले आणि तो मेलबर्न कपच्या मैदानात उतरला. टॉमी बहात्तर वर्षांचा. बॉबीच्या कपला सत्तेचाळीस वर्षं झालेली. रेकलेस दुसरा आला.

त्या वेळचा एक फोटो आहे, ब्रूस पोस्टल या वृत्तछायाचित्रकारानं काढलेला. तबेल्यात गवतावर रेकलेस आडवा झालाय आणि त्याला लागून म्हातारा टॉमी आडवा पडलाय.

या उन्हाळ्यात माथेरानला गेलो तेव्हा मामाला ही सगळी गोष्ट सांगितली. राजा गेल्यावर दोन वर्षं मामानं घोडा ठेवला नव्हता, हातरिक्षा ओढायचा. मग एक घोडी घेतली, अजून आहे ती. त्यानं आर्सेनिक ऐकलं, केसांची तपासणी ऐकली, हं हं करत राहिला. मी विचारलं, तुला काय वाटतं, कशानं गेला असेल? म्हणाला, "ते सोड. त्या पोरानं नंतर घोडा ठेवला ना?"

मी मोबाईलवर तो फोटो काढून दिला. मामानं दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर सारून डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघत होता. "पाय बघ कसे दुमडलेत," म्हणाला. "घोडा असा कुणाजवळही आडवा नाही होत रे."

मग फोन माझ्या हातात देऊन तो घोडीला चंदी घालायला गेला.

भेटू पुढच्या भागात.