चौलच्या बंदरात उतरलेला एकटा माणूस

लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आई त्याच्या गालावर काळं तीट लावते. शेतावर न्यायची भाकरी फडक्यात झाकून नेतात. बाजारातून, लग्नातून, चार माणसांतून घरी आलेला माणूस कधी कधी म्हणतो, "आज अगदी रिता झाल्यासारखा वाटतोय." आपल्या आत जे काही जपलेलं असतं, ते माणसांच्या गर्दीत खर्चून जाऊ नये ही काळजी फार जुनी आहे. ती फक्त साधुबैराग्यांना असते असंही नाही. घोडा विकायला निघालेल्या एका व्यापाऱ्यालाही ती पडली होती. हा व्यापारी आपल्या चौलला उतरला होता, म्हणून त्याची गोष्ट आज सांगायची.

अलिबागहून दक्षिणेला रेवदंड्याच्या वाटेवर चौल लागतं. नारळी-पोफळीच्या आगरांतून रस्ता जातो, रामेश्वराचं देऊळ लागतं, टेकडीवर दत्ताचं स्थान दिसतं. सावलीतलं हे शांत गाव पाहून कुणाला वाटणार नाही, की एके काळी इथं साऱ्या दर्यापारची माणसं नांदत होती. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत 'चेमुला' म्हणून याचं नाव येतं. अरब लोक 'सैमूर' म्हणत. मसूदी नावाचा अरब लेखक दहाव्या शतकाच्या आरंभी इथं आला. गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांच्यातलाच एक माणूस राजा त्यांचा मुख्य म्हणून नेमतो, आणि त्यांचे तंटे तोच सोडवतो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. तो राजा राष्ट्रकूटांचा, म्हणजे हिंदू. तेव्हा परक्यानं परकं राहूनही इथं राहता येत होतं, एवढं ध्यानात ठेवावं.

आता आपला व्यापारी. त्याचं नाव अफानासी निकितीन. रशियात व्होल्गा नदीच्या काठी त्वेर नावाचं शहर आहे, तिथला. साधारण १४६६च्या सुमारास तो घरून निघाला. काही अभ्यासक ही सारी सालं दोन वर्षं पुढं सरकवतात, पण आपल्याला तो घोळ नको. अस्त्रखानजवळ तातार लोकांनी त्याला लुटलं. माल गेला, आणि माल गेला त्याबरोबर पुस्तकंही गेली. ही पुस्तकं म्हणजे त्याची धर्माची पोथी आणि पंचांग. कोणता उपास कधी, कोणता सण कधी, हे तीच सांगत. मालाचं नुकसान माणूस पुन्हा भरून काढतो. पोथीचं नुकसान त्याला पुढं सगळा प्रवासभर सलत राहिलं.

परत गेलं तर कर्ज दारात उभं. म्हणून तो पुढंच गेला. बाकू, इराण, होर्मुझ असं करत त्यानं एक घोडा बरोबर घेतला आणि जहाजात चढला. आपल्या देशात चांगले घोडे पैदा होत नसत, बहामनी सरदारांना ते लागत, आणि दर्यापारहून आलेल्या घोड्याला भारी किंमत येई. मस्कत, गुजरात, खंबायत करत जहाज सहा आठवड्यांनी चौलला लागलं. साल १४६९ धरतात. वास्को द गामा कालिकतला यायला अजून एकोणतीस वर्षं होती.

चौलला उतरल्यावर त्याला पहिल्यांदा काय दिसलं? माणसं. उघड्या अंगाची, डोक्याला काही नाही, केसांची एक वेणी घातलेली. आणि ती सगळी त्याच्याकडे बघत होती! जिथं जावं तिथं मागं घोळका. गोरा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता, तेव्हा नवल वाटणारच. आपण ज्या नजरेला भितो, त्या नजरा शेकड्यांनी या एकट्या माणसावर खिळल्या. त्यानं तक्रार मात्र लिहिलेली नाही. ते आपल्याकडे बघत होते तसा तोही त्यांच्याकडे बघत होता, आणि बघितलेलं टिपून ठेवत होता. मला वाटतं, हाच त्याचा पहिला बचाव.

चौलहून तो पालीला गेला, आठ दिवस लागले. तिथून उमरीला दहा दिवस, पुढं जुन्नरला सहा. घाट चढून घोडा घेऊन जायचं म्हणजे काय, हे आपल्या कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जुन्नरला पोचतो तोच पावसाळा लागला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. घोड्यांना तिथं खिचडी शिजवून तूपसाखर घालून चारतात, याचंही त्याला नवल वाटलं.

जुन्नरचा अधिकारी होता असदखान. वजीर महमूद गवाणच्या हाताखालचा. त्यानं निकितीनचा घोडा काढून घेतला. हा माणूस मुसलमान नाही, रशियातला ख्रिस्ती आहे, असं त्याला कळलं होतं. त्यानं सांगितलं, "आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो, वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही आलास तर घोडाही जाईल आणि हजार नाणी तुझ्याकडूनच वसूल करीन." चार दिवसांची मुदत दिली.

श्रोतेहो, त्या चार दिवसांचा जरा विचार करा. घर हजारो मैल दूर. जवळ पोथी नाही, स्वधर्माचा एक माणूस नाही, धर्मगुरू तर नाहीच. त्यानं 'हो' म्हटलं असतं तर त्वेरमध्ये कुणाला कळलं असतं? आणि घोडा म्हणजे त्याचं सगळं भांडवल. पुण्यकर्म करून कमावलेली पोतडी एका बाजूला आणि पोट दुसऱ्या बाजूला, असा तो तराजू.

त्याला सोडवलं कुणी? खुरासानच्या एका मुसलमानानं. खोजा महंमद त्याचं नाव. निकितीननं त्याच्यापुढं गाऱ्हाणं घातलं, तो खानाकडे गेला, धर्म बदलायला लावू नका म्हणून रदबदली केली, आणि घोडाही सोडवून आणला. ऑगस्टातल्या ख्रिस्ताच्या एका सणाला हे घडलं, म्हणून निकितीन त्याला देवाची कृपा म्हणतो. पण त्याच दमात आपल्या देशबांधवांना तो कडवटपणे बजावतो, की हिंदुस्थानात जायचं असेल तर आपला धर्म घरी ठेवून जा.

पुढं बिदरला गेल्यावर गंमत झाली. तोवर तो 'खोजा युसुफ खुरासानी' या नावानं वावरत होता. नाव म्हणजे अंगावर पांघरलेलं घोंगडंच. बिदरला हिंदूंशी ओळख वाढली तेव्हा त्यानं ते उतरवलं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे सांगून टाकलं. हे लोक एरवी जेवण फार जपत. कुणी परका भांड्यात डोकावला तर ते अन्न खायचे नाहीत, जेवताना वर कापड धरायचे. आपलं ते जुनंच दृष्टीचं आणि सोवळ्याचं प्रकरण! पण यानं खरं सांगितल्यावर त्यांनी त्याच्यापासून काही झाकलं नाही. खाणं, व्यापार, देवपूजा, घरची माणसं, सगळं मोकळं झालं. शिवरात्रीला ते त्याला बरोबर घेऊन श्रीशैलच्या यात्रेला गेले. ही यांची जेरुसलेम, असं तो लिहितो.

या सगळ्यात त्याचा हिशेब मात्र चुकत चालला होता. ईस्टर कधी, हे कळेना. मग तो मुसलमानांच्या सणावरून अंदाज बांधी, पहाटे आकाशात कृत्तिका कुठं आल्या ते बघे. मुसलमानांचा रोज्यांचा महिना आला तेव्हा त्यांच्याबरोबर उपास धरी. प्रार्थना आपल्या देवाची, दिवस मात्र शेजाऱ्यांचे. त्याच्या वहीत मध्येच रशियन भाषा सुटते आणि तुर्की, फारसी, अरबी शब्द येतात. शेवटी तर अरबी शब्दांची एक लांब प्रार्थनाच आहे. त्यावरून काही पंडित म्हणतात, हा मनानं मुसलमान झाला होता. मला ते पटत नाही. धर्म बदललेला माणूस ईस्टर चुकला म्हणून वर्षानुवर्षं रडत नाही. खरा धर्म कोणता ते देवच जाणे, एका देवाला ओळखावं आणि शुद्ध मनानं त्याचं नाव घ्यावं, अशा अर्थाचं तो लिहून गेला आहे. त्वेरहून निघाला तेव्हा तो असं बोलला नसता. ही जाग त्याला आपल्या मुलखात आली.

आपल्याच किनाऱ्यावर त्याच्यासारखी आणखी माणसं होती. बेने इस्रायल मंडळींची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नौगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. पोथ्या बुडाल्या. मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. त्यांच्यात 'चेऊलकर' आणि 'रेवदंडकर' अशी आडनावं आहेत. खाडीपलीकडच्या कोर्लईत, पोर्तुगीज १७४० साली निघून गेले तरी त्यांच्या बोलीपासून झालेली भाषा घराघरांत बोलली जाते. गुरुजींनी मुलांना कोर्लईच्या किल्ल्यावर न्यावं, आणि येताना गावातली ही बोलीही ऐकवावी.

निकितीन दाभोळहून जहाजात चढून परत निघाला. काळा समुद्र ओलांडून मायदेशी पोचला, पण त्वेर त्याला पुन्हा दिसलं नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. त्याची वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोचवली, ती १४७५ साली तिथल्या एका सरकारी कारभाऱ्याच्या हाती पडली. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावानं ती आज जगभर वाचली जाते. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन मंडळींबरोबर 'परदेसी' हा चित्रपट काढला तो याच्यावरच. रेवदंड्याला २००२ साली त्याचं स्मारक उभारलं आहे. त्या घोड्याचं काय झालं, असं मुलं नक्की विचारतील. वर्षभर चारून, सांभाळून, नाताळच्या सुमारास त्यानं तो बिदरला विकला.