घराला ऊन दाखवण्याची रीत

देशावर ज्वारी पेवात साठवत. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा लावलेला, तोंडावर दगड आणि माती. धान्य वर्षानुवर्षे टिके. घाट उतरून कल्याणला आले की पेव दिसेनासे होते. इथे भात कणगीत भरायचे आणि ती कणगीसुद्धा जमिनीला टेकू द्यायची नाही, खाली दगड किंवा फळ्या घालायच्या. कारण उघड आहे. वर्षाचा सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो, शेजारी उल्हास नदी, आणि श्रावणात विहिरीचे पाणी काठाशी येते. अशा भुईत कोरडी पोकळी राखता येत नाही हे इथल्या माणसाने फार पूर्वी ओळखले होते. म्हणून त्याने घराखाली पोकळी ठेवली नाही, भरीव जोते बांधले. तरीही ओल मातीतून आणि दगडाच्या सांध्यांतून वर चढणारच, हे त्याने गृहीत धरले आणि ती वर्षातून एकदा काढून टाकायची सोय केली. माझे म्हणणे असे की ही सोय घराच्या बांधणीपेक्षा घराच्या पंचांगात होती, आणि तिचे मुख्य साधन होते शाकारणी, म्हणजे छपराची कौले उतरवून पुन्हा लावणे. शाकारणीला आपण गळती थांबवण्याची दुरुस्ती समजतो. ती घर वाळवण्याचीही रीत होती.

नळीची कौले कशी असत ते आधी पाहू. कुंभार चाकावर मातीची नळी ओढी, तिचे उभे दोन भाग करी आणि भट्टीत भाजी. ही कौले रिपांवर नुसती एकात एक अडकवून ठेवलेली असत, खिळा नाही की चुना नाही. वाऱ्याने, मांजरांनी, माकडांनी, कावळ्यांनी ती सरकत आणि फुटत. त्यामुळे चैत्र-वैशाखात छप्पर उतरवावेच लागे. धड कौले एकीकडे, फुटकी दुसरीकडे, साचलेला पाचोळा झाडून काढायचा, कुजलेल्या रिपा बदलायच्या, मग पुन्हा ओळी लावायच्या. काम एकेका खणाने पुढे सरके, म्हणजे प्रत्येक खोली काही काळ उघडी पडे. आता आकाशाकडे पाहा. ठाणे आणि कल्याण उत्तर अक्षांश १९ अंशांच्या थोडे वर आहेत, त्यामुळे मेच्या मध्याला, १६ तारखेच्या आसपास, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढगांच्या आड असतो. ज्या माजघराला खिडकी नाही, ज्या बाळंतिणीच्या खोलीत दिवसासुद्धा दिवा लावावा लागे, तिच्या भुईवर सरळ ऊन पडण्याची वर्षातली सर्वांत चांगली वेळ हीच. जमीनही याच दिवसांत उकरून, चोपणीने चोपून, नव्याने सारवत. माती आणि चुना दोन्ही ओल जशी पितात तशी सोडतातही. त्यांना फक्त ऊन आणि वारा मिळायला हवा.

छप्पर परत चढवल्यावरही हे काम थांबत नसे. तापलेल्या कौलांखालची हवा हलकी होऊन फटींतून वर निघे आणि तिच्या जागी दारातून, भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या झरोक्यांतून नवी हवा आत ओढली जाई. यंत्राशिवाय, केवळ उन्हाच्या बळावर चालणारा हा ओढा होता. इथे कोणीही जाणकार विचारील की आषाढात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा तिला आत घेऊन काय वाळणार? आक्षेप अगदी रास्त आहे. जुलैत हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते आणि तिचे दव साधारण पंचवीस अंशांवर सुटू लागते. भुईला टेकलेली फरशी त्याहून थंड राहिली की तिला घाम सुटतो. शहाबादी फरशीवर जूनच्या सुरुवातीला अनवाणी पाऊल टाकले की पावलाचा ठसा उमटतो तो यामुळेच. अशा दिवसांत खिडक्या सताड उघडणे म्हणजे ओल घरात बोलावणे. जुन्या रीतीला हे ठाऊक होते. मृगाच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला झापांची किंवा पेंढ्याची झड बांधत, पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात म्हणून वळचण पुढे काढलेली असे, आणि आत चूल जळत राही. तिची ऊब आणि धूर कौलांतून वर जात. झड उतरे ती पाऊस सरल्यावर. म्हणजे चार महिने घर आवळून धरायचे आणि कार्तिकापासून मोकळे सोडायचे. नुसता वारा खेळवा, असे ही रीत कधी सांगत नव्हती.

छप्पर उघडून ऊन आत घेण्याची हीच क्रिया पुढे सरकारी हुकमाने झाली तेव्हा तिचे रूप भयंकर होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग जाहीर झाला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. रोगाचे मूळ ओलसर, कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत आहे असे तेव्हाच्या बहुतेक अंमलदारांचे मत होते. प्लेग पिसवांमार्फत पसरतो हा दुवा संशोधक पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये मांडला, पण तो सर्वमान्य व्हायला बरीच वर्षे गेली. तोवर पथके मुंबईत घरोघर शिरली, छपराची कौले काढून ऊन आत सोडले, मातीच्या जमिनी खणून काढल्या, भिंतींना चुना फासला, आणि जी घरे राहण्यास अयोग्य ठरली त्यांच्यावर यू.एच.एच. (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) अशी अक्षरे रंगवली. रेल्वेने बाहेर पडणाऱ्यांची तपासणी कल्याण जंक्शनवर होई. दर वैशाखात स्वतःच्या हाताने छप्पर उघडणाऱ्या माणसाला तेच छप्पर परक्याने उघडलेले सोसवेना, यात नवल नाही. रोगाविषयीचे निदान चुकले होते, ओलीविषयीचे बरोबर होते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे तळमजल्यावर उजेड पोहोचावा म्हणून साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला: इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त नको. या हिशेबाने बारा मीटरच्या इमारतीसमोर सहा मीटर मोकळे हवेत. डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींमधल्या कितीतरी गल्ल्या हा हिशेब पाळत नाहीत.

जुन्या घरांचे गोडवे गाऊ नका, तिथेही भिंती ओल्या आणि माणसे खोकणारी होती, असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करीन. शाकारणीला कौले, मजुरी आणि सवड लागे. ज्याच्याकडे ती नसे त्याचे घर गळे आणि कुजे. शिवाय जी चाळ भाड्याची, तिचे छप्पर मालकाचे आणि तळमजल्याची ओल भाडेकरूची, अशी वाटणी झाली की रीत तिथेच तुटली. पण ती मोडली गरिबीपेक्षा सुधारणेमुळे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. खाचेत बसणारे ते मंगलोरी कौल दरवर्षी उतरवावे लागत नसे. कष्ट वाचले, आणि वर्षातून एकदा भुईवर पडणारे ऊनही गेले. त्यानंतर स्लॅब आला आणि चुन्याच्या जागी सिमेंट. भिंतीतले पाणी पूर्वी चुन्यातून हळूहळू उडून जाई. सिमेंटच्या गिलाव्याने ती वाट अडवली, तेव्हा पाणी आणखी वर चढले. आज कल्याणच्या पारनाक्यापासून डोंबिवलीच्या विष्णूनगरपर्यंत तळमजल्यांवर एकच उपाय दिसतो: कमरेपर्यंत टाइल्स लावून ओल झाकायची. दोन पावसाळ्यांत टाइल्सच्या वरच्या कडेला लोणा धरतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. जोत्यावर डांबराचा किंवा केमिकलचा थर दिला तर नवी ओल अडते हे खरे, पण आत मुरलेली बाहेर काढायला आणि फरशीवर हवेतून बसणारी पुसायला तो थर उपयोगी नाही.

गाड्यांसाठी म्हणून आलेल्या स्टिल्टने, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळाने, नव्या इमारती जमिनीपासून उचलल्या, आणि पहिला राहता मजला आपसूक कोरडा झाला. प्रश्न उरतो तो त्याआधीच्या चार मजली इमारतींचा. त्यांच्याकडेही एक साधन पडून आहे: न्हाणीघरांमागचे डक्ट. ते तळापासून गच्चीपर्यंत जाते आणि त्याचे डोके दिवसभर तापते. बहुतेक ठिकाणी वर पत्रा ठोकलेला आणि खाली राडारोडा साचलेला असतो. खालचा राडा उपसून, वर गच्चीच्या मीटरभर वर जाणारी काळ्या रंगाची पत्र्याची नळी बसवली, तिला पावसाचे टोपण दिले आणि तळमजल्याच्या खोलीतून डक्टमध्ये उघडणारी एक झडप ठेवली, तर ऊन असेतो खोलीतली हवा वर ओढली जाईल. रात्री ओढा उलटू शकतो, म्हणून झडप हवा फक्त बाहेर जाऊ देणारी हवी. टाइल्स आणि सिमेंटचा गिलावा कमरेपर्यंत खरवडून चुन्याचा दिला नाही तर एवढ्याने भागणार नाही. झडप कार्तिकात उघडायची आणि मृगाला बंद करायची. खर्च कोणी करायचा आणि डक्ट दरवर्षी कोणी साफ करायचे, हे मात्र सोसायटीच्या वार्षिक सभेत ठरावे लागेल, कारण डक्ट सगळ्यांचे असते आणि ओल एकट्या तळमजल्याची मानली जाते.