हट्टी कळीला लावलेली शिस्त

ज्यांनी मोट चालताना पाहिली आहे, त्यांना आजचा विषय अवघड वाटू नये. मोट विहिरीत भरत असते तेव्हा थारोळ्यात पाणी पडत नाही. वर आली की एकदम लोंढा येतो. पाट मात्र सारखा वाहता हवा.

विजेचा दाब वाढविणाऱ्या परिवर्तकाचे, म्हणजे बूस्ट कन्व्हर्टरचे, काम असेच चालते. पुष्कळ सौर पंपांच्या पेटीत तो असतो. त्यातली इलेक्ट्रॉनिक कळ सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. चालू असताना तारेच्या वेटोळ्यात शक्ती भरते आणि पुढे काही जात नाही. बंद झाली की तो साठा पुढे जातो. मधला वेळ कपॅसिटर सांभाळतो. तेच आपले थारोळे.

आता गंमत पाहा. दाब कमी पडला, तर मोट जास्त भरायला हवी; म्हणजे ती जास्त वेळ विहिरीत राहणार. तेवढ्यात पाट आणखी आटतो! ‘कमी पडले की वाढव’ एवढेच जाणणारा गडी ती आणखी खाली ठेवील, आणि शेवटी मोट विहिरीतच राहील. परिवर्तकात असे घडले तर दाब कोसळतो, कळ जळू शकते.

1957 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर तयार केला आणि मोठी वीज हाताळणारी अर्धवाहकाची कळ हाती आली. पण तिला चालवायचे कसे? 1976 साली मिडलब्रुक आणि चुक यांनी चालू व बंद या दोन्ही अवस्थांची सरासरी काढून गणित सोपे केले. त्यावरून बांधलेला सरळ रेषेचा नियम ठरलेल्या स्थितीजवळ उत्तम चालतो. ऊन एकाएकी झाकोळले, की मात्र तो अपुरा पडू शकतो.

पुढची वाट जुन्या गणितातून निघाली. 1892 साली अलेक्झांडर ल्यापुनॉव्ह यांचा गतीच्या स्थैर्यावरील प्रबंध खारकोव्ह येथे प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे : समीकरण पुरते सुटले नाही तरी चालेल, ऊर्जेसारखी एखादी राशी सतत घटत जाते असे दाखवा, म्हणजे यंत्र ठिकाणावर येणार हे सिद्ध झाले.

पुढे मॉस्कोत येमेल्यानॉव्ह, उत्किन प्रभृतींनी निराळीच युक्ती काढली. मनात एक रेघ आखायची. स्थिती अलीकडे असेल तर कळ चालू, पलीकडे गेली तर बंद. तासावरून ढळणारे बैल क्षणाक्षणाला वळवावेत, तसेच हे. उत्किन यांच्या 1977 च्या इंग्रजी लेखाने ही रीत जगभर पोचली. कळीचा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच हट्टी स्वभाव इथे कामी आला. बूस्ट परिवर्तकात ही रेघ दाबावर न आखता वेटोळ्यातील प्रवाहावर आखतात. थारोळ्याकडे नव्हे, मोटेकडे लक्ष!

शिक्षकबंधूंनी हा मोटेचा दाखला वर्गात जरूर द्यावा. ढग आला असता पंप का टिकतो, हे मुलांना त्यावरून समजेल.