राजकोटची भगवी रोल्स-रॉईस : लिलावाच्या हातोड्यामागचा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हटल्यावर रेल्वेचा माणूस रेल्वेवरच लिहिणार, अशी बहुतेकांची समजूत असते. यंदा मात्र मी मोटारीवर लिहितो आहे, तीही एका संस्थानिकाच्या मोटारीवर. अर्थात लेख वाचता वाचता वाचकांच्या लक्षात येईलच की ही मोटार रेल्वेपासून वाटते तितकी लांब नाही.

विषय सुचण्याचे कारण सांगतो. आमच्या खात्यात ‘लिलाव’ या शब्दाचा अर्थ एकच. वॅगन कंडम ठरली, तिची नोंद झाली, लॉट पाडला, भंगार म्हणून बोली लागली की संपले. त्यातले पोलाद शेवटी कुठल्या तरी भट्टीत जाते. भिलाईत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पण जगात लिलावाचा एक दुसराही प्रकार आहे. तिथे नव्वद वर्षांची जुनी गाडी येते आणि नव्या गाडीच्या कैक पट किमतीला जाते. तीच वस्तू एका लिलावात किलोच्या भावाने आणि दुसऱ्या लिलावात कोटींच्या भावाने का विकली जाते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला राजकोटच्या गाडीची गोष्ट सापडली.

रेल्वेच्या कारखान्यातून निघालेले दोघे

ब्रिटनच्या आलिशान मोटारी म्हटल्या की दोन नावे पुढे येतात, रोल्स-रॉईस आणि बेंटली. या दोन्ही नावांमागची माणसे रेल्वेच्या कारखान्यात घडली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हेन्री रॉईस हा गिरणीवाल्याचा मुलगा. वडील लवकर गेले. लहानपणी त्याने वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. पुढे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या पीटरबरो येथील कारखान्यात तो उमेदवार म्हणून लागला, पण पैशाअभावी ती उमेदवारीही पूर्ण झाली नाही. हाच माणूस 1904 साली मँचेस्टरच्या एका हॉटेलात चार्ल्स रोल्सला भेटला आणि पुढचा इतिहास घडला. वॉल्टर ओवेन बेंटली हा घरचा बरा होता, पण सोळाव्या वर्षी शाळा सोडून 1905 मध्ये त्याच रेल्वेच्या डॉनकास्टर कारखान्यात शिकायला गेला. इंजिनावर कोळसाही ओढला. त्याने 1919 साली बेंटली कंपनी काढली आणि 1931 मध्ये ती रोल्स-रॉईसने विकत घेतली. दोघांकडेही विद्यापीठाची पदवी नव्हती. आम्हा डिप्लोमावाल्यांना हे वाचून थोडे बरे वाटते, हे कबूल करायला हरकत नाही!

सह्याद्रीच्या घाटातली परीक्षा

हिंदुस्थानात रोल्स-रॉईसचे नाव झाले ते आपल्या महाराष्ट्रातच. 1908 साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी स्पर्धा झाली. सुमारे 620 मैलांचा मार्ग आणि वाटेत सह्याद्रीचे सहा अवघड घाट. रस्ते खडीचे, ऊन रखरखीत. त्या काळात मोटार घाट चढते की वाटेतच उकळते, हाच पहिला प्रश्न असे. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉईस या परीक्षेत उतरली आणि तिने बाजी मारली. ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. याच सह्याद्रीत बोरघाटातून 1863 साली रेल्वे चढली होती. पंचेचाळीस वर्षांनी मोटारीने घाटाची परीक्षा दिली आणि मराठी संस्थानिकाने तिला पसंतीची पावती दिली.

त्यानंतर संस्थानिकांमध्ये जणू चढाओढ लागली. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी तर अमेरिकन ड्युसेनबर्गची चासी घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून उघड्या टपाची बॉडी चढवून घेतली. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जी जुनी मेबॅक दसरा चौकात येते ती जर्मन आहे, पण तिच्यामागची हौस तीच.

चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर किमतीचे गणित कळत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉईस कंपनी पूर्ण गाडी विकतच नसे. ती द्यायची फक्त चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअर, चाके आणि पुढचा तो प्रसिद्ध रेडिएटर. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बनवून घेई. बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली, गर्नी नटिंग ही त्यातली नामांकित घराणी. आमच्या भाषेत सांगायचे तर अंडरफ्रेम एका कारखान्याची आणि डबा दुसऱ्याचा. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या सहसा एकसारख्या नसत.

संस्थानिकांना उघड्या टपाची आवड का, याचेही उत्तर सोपे आहे. राजाने प्रजेला दिसले पाहिजे. पूर्वी ते काम हत्तीवरची अंबारी करीत असे, ते आता मोटारीकडे आले. पण ऊन, पाऊस आणि धुळीचाही विचार हवा. म्हणून ‘ऑल-वेदर’ बॉडी निघाली. मिरवणुकीत टप मागे दुमडायचा आणि प्रवासात टप चढवून काचा वर घ्यायच्या, की गाडी बंद मोटारीसारखी व्हायची.

राजकोटचा तारा

आता मुख्य गाडीकडे येऊ. 1934 सालची रोल्स-रॉईस फँटम टू कॉन्टिनेंटल. सहा सिलिंडरचे, सुमारे साडेसात लिटरपेक्षा मोठे इंजिन. बॉडी थ्रप अँड मेबर्ली यांची, ऑल-वेदर कन्व्हर्टिबल. राजकोटचे ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंहजी यांनी ती बनवून घेतली. रंग भगवा, बॉनेट चकचकीत ॲल्युमिनियमचे आणि पुढे दिव्यांची आरास. त्यातले काही दिवे स्टिअरिंगबरोबर वळतात, म्हणजे वळणावर उजेड वळणाच्या दिशेने पडतो. पुढे या गाडीला ‘स्टार ऑफ इंडिया’ असे नाव पडले.

गाडीचे कौतुक करताना तिच्या मालकाचा काळही पाहिला पाहिजे, कारण इतिहास अर्धा सांगितला तर तो जाहिरात होतो. धर्मेंद्रसिंहजींचे वडील लाखाजीराज हे लोकप्रिय राजे. त्यांनी 1923 साली राजकोटमध्ये प्रजा प्रतिनिधी सभा स्थापन केली होती. 1930 साली ते वारले आणि मुलाच्या कारकीर्दीत चित्र पालटले. तिजोरी आटली. पैसा उभा करण्यासाठी काडेपेटी, साखर, तांदूळ यांसारख्या रोजच्या वस्तूंच्या विक्रीचे मक्ते दिले गेले. 1938 साली प्रजेने सत्याग्रह सुरू केला. सरदार पटेल त्यात उतरले, कस्तुरबांना स्थानबद्ध करण्यात आले. ज्या राजकोटचे दिवाणपद गांधीजींच्या वडिलांनी सांभाळले होते, त्याच राजकोटात ठाकोरसाहेबांनी दिलेला शब्द फिरवला म्हणून 3 मार्च 1939 रोजी गांधीजींनी उपोषण सुरू केले. सर न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी निवाडा सरदारांच्या बाजूने दिला, पण पुढे गांधीजींनीच त्या निवाड्याचा लाभ सोडून दिला. 1940 साली धर्मेंद्रसिंहजींचे निधन झाले.

म्हणजे ज्या काळात राजाच्या गाडीचे दिवे वळणावर वळत होते, त्याच दशकात प्रजा काडेपेटीच्या भावासाठी रस्त्यावर आली होती. ही गाडी पाहताना दोन्ही चित्रे डोळ्यांसमोर असावीत असे मला वाटते. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. थ्रप अँड मेबर्लीच्या कारागिरांचा हात अस्सल होता आणि राजकोटच्या प्रजेचा रागही अस्सल होता.

परदेशी गेली आणि परत आली

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. 1971 साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही बंद झाले. मोठ्या गाड्या पोसणे परवडेना आणि परदेशी संग्राहक दारात उभे होतेच. गाड्या बोटीने बाहेर जाऊ लागल्या. पुढे सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातले, पण तोवर बऱ्याच गाड्या गेलेल्या होत्या. राजकोटचा तारा त्याआधीच, 1968 साली, एका ब्रिटिश संग्राहकाकडे गेला.

त्यानंतर चार दशकांनी, 2010 साली, ही गाडी मोनॅकोच्या लिलावात मांडली गेली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली. त्याच वर्षी राजकोट घराण्यातील मांधातासिंह जाडेजा यांनी ती परत मिळवली आणि गाडी पुन्हा घरी आली. 2012 साली अमेरिकेत पेबल बीच येथील प्रसिद्ध प्रदर्शनात हिंदुस्थानी संस्थानिकांच्या मोटारींचा खास विभाग होता, इतके या गाड्यांचे आकर्षण जगात आहे.

किंमत कशाची?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. एवढी किंमत कशाची? लोखंडाची नक्कीच नाही.

पहिली गोष्ट म्हणजे कारागिरी. अशा गाडीच्या बॉडीत आत ॲश लाकडाची चौकट असते, तिच्यावर हाताने ठोकून घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. लाकूड कुजले की पत्रा उतरवून चौकटीचा एकेक तुकडा नव्याने घडवावा लागतो. इंजिनातल्या बेअरिंगला पांढऱ्या धातूचे अस्तर असते, ते वितळवून पुन्हा ओतावे लागते. आमच्याकडच्या जुन्या मंडळींना हे आठवेल. रोलर बेअरिंग येण्यापूर्वी वॅगनच्या ॲक्सल बॉक्समध्येही पांढऱ्या धातूचेच अस्तर असे, आणि तेल कमी पडले की हॉट ॲक्सल ठरलेला! ते काम जाणणारे हात आता मोटारीतही कमी आणि रेल्वेतही कमी.

दुसरी गोष्ट म्हणजे अस्सलपणा. आपल्याकडे पीओएच झाले की डबा नव्यासारखा दिसावा, ही अपेक्षा. तिथे उलटे आहे. जुना भाग जितका टिकवता येईल तितका टिकवायचा. इंजिन त्याच चासीचे आहे का, बॉडी पहिलीच आहे का, हे तपासतात. सगळेच बदलले तर गाडी चालेल छान, पण किंमत उतरेल.

आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागद. रोल्स-रॉईसच्या प्रत्येक चासीची नोंद कार्डावर असे. गाडी कोणासाठी, बॉडी कोणाची, कधी रवाना झाली, सगळे त्यात येई. हे कागद जपले गेले म्हणून आज गाडी ओळखता येते. कागद नसेल तर उरतात त्या ऐकीव गोष्टी. अलवरच्या महाराजांनी रोल्स-रॉईसने कचरा उचलायला लावला, ही कथा आपण सर्वांनी मोबाईलवर वाचली असेल. तिला पक्का पुरावा मला अजून कुठे आढळला नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या देशातही दृष्टी बदलते आहे. 1855 साली बनलेले ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचे इंजिन 1997 साली रेल्वेने पुन्हा रुळावर धावते केले. आपल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाच्या छोट्या गाडीचे संग्रहालय 2002 पासून नागपुरात आहे. सुटीत गावी जाताना मुलांना अवश्य दाखवावे. 2021 साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. रोजच्या वापराला मात्र ती गाडी चालत नाही.

भिलाई-मरोद्यात आलेल्या पहिल्या पिढीकडे रोल्स-रॉईस नव्हती. सायकल होती, ट्रंक होती, फार तर एखादी स्कूटर. त्या वस्तू बहुतेक भंगारात गेल्या, आणि सगळे जपणे शक्यही नसते. पण नेमणुकीचे पत्र, क्वार्टर मिळाल्याचा कागद, पहिल्या उत्सवाचा फोटो हे जपता येते. फोटोच्या मागे साल आणि नावे पेन्सिलीने लिहून ठेवायला पाच मिनिटे लागतात. ज्यांना ती नावे सांगता येतील अशी माणसे आज आपल्यात आहेत. राजकोटची गाडी नव्वद वर्षांनंतरही ओळखली जाते ती एका कार्डावरच्या चार ओळींमुळे. आपल्या माणसांसाठी तेवढ्या चार ओळी आपण यंदा लिहून ठेवाव्यात, एवढीच सर्वांना विनंती.