एरियलची तार आणि सीमेपलीकडची मराठी

घरात उंची म्युझिक सिस्टीम बसवणारे रसिक हल्ली स्पीकरइतकाच तारांचाही विचार करतात. ऑक्सिजनमुक्त तांबे, चांदीचा मुलामा, मीटरला हजारो रुपये! हिशेब मात्र साधा आहे. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम. स्पीकर पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार, म्हणजे ०.०७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हा रोध एक टक्काही भरत नाही. विजेच्या दुकानातली चांगली तार पुरते, असे माझे मत.

पण ऐकू येणे न येणे खरोखरच तारेवर अवलंबून असण्याचाही एक काळ होता. तो आठवला की मला पांढुर्णा आणि सौंसर आठवतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्णा आपल्याला ऐकून माहीत असते. हे दोन्ही तालुके संत्र्यांचे आणि वऱ्हाडी वळणाच्या मराठीचे. जुन्या मध्य प्रांतात राजधानी नागपूर होती, त्यामुळे तेव्हा यांना सीमा अशी नव्हतीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर हे तालुकेही. राजधानी भोपाळ झाली. कचेरीचा कागद हिंदी झाला, घरातली बोली मराठीच राहिली.

सीमा ओलांडायला परवानगी लागली नाही ती रेडिओच्या लहरींना. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाली होती. सौंसर तिथून साठ-सत्तर किलोमीटर, पांढुर्णा शंभरेक. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत प्रवास करतात, तेव्हा हे अंतर त्यांना जड नव्हते. पण त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला बाहेरची तार हवी असे. घरावर दोन बांबू उभारायचे, टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर लावायचे, मधे तांब्याची तार किंवा जाळीदार पट्टी ताणायची, आणि दुसरी तार ओल्या जमिनीत पुरून अर्थ द्यायचा. तार उंच आणि मोकळी असली की आवाज स्वच्छ. पत्र्याला टेकली की नुसती खरखर. इथे तार निवडण्यात हौसेचा भाग थोडा. आपल्या भाषेतल्या बातम्या, कीर्तन, शेतीच्या गोष्टी घरात येतील की नाही, हा खरा प्रश्न होता.

आपल्या गोव्याला हे निराळे सांगायला नको. २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेपलीकडच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी स्वातंत्र्याचा आवाज पोर्तुगीज आणि कोंकणीतून घराघरांत पोचवला, तो १९६१ च्या मुक्तीपर्यंत. सरकारी बातमीला उत्तर देणारी बातमी आपल्याकडेही सीमेपलीकडूनच आली. फरक एवढाच की आपली सीमा पुढे पुसली गेली. सौंसर-पांढुर्ण्याची कायम राहिली. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातच.

पुढे ट्रान्झिस्टर आला. त्याच्या पोटातच फेराइटचा दांडा, त्यामुळे छपरावरची तार उतरली. सेट जरा फिरवला की केंद्र लागे. आता तर फोनवर जगातले कुठलेही केंद्र ऐकता येते.

मला यातच काळजीचे कारण दिसते. तार ताणावी लागे तेव्हा मराठी ऐकण्यासाठी माणूस छपरावर चढत होता. आज मराठी खिशात आहे, पण तिच्या शेजारी इतर शेकडो आवाजही आहेत. आता अडथळा अंतराचा किंवा सरकारचा नाही. सीमेवरच्या घरात कोणती भाषा ऐकली जाईल हे त्या घरानेच रोज ठरवायचे आहे. पणजीतल्या घरालाही हे लागू आहे.