औद्योगिक अभियांत्रिकीचे आद्यपीठ

यंत्र कसे चालते, हे शिकविणारे विभाग विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत होते. मात्र यंत्र, माणूस, माल आणि वेळ यांची सांगड कशी घालावी, हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय मानला जात नव्हता. त्याला ती प्रतिष्ठा मिळवून दिली पेनसिल्वेनिया स्टेट कॉलेजने, म्हणजेच आजच्या पेन स्टेट विद्यापीठाने.

पेनसिल्वेनिया हा पोलादाचा प्रांत. तेथील मिडव्हेल आणि बेथलेहेम या कारखान्यांत फ्रेडरिक टेलर यांनी कामाचे सूक्ष्म भाग पाडून प्रत्येकाचा वेळ मोजला आणि शास्त्रीय व्यवस्थापनाचा पाया घातला. टेलर यांच्याच शिफारशीवरून ह्यूगो डीमर हे प्राध्यापक पेन स्टेटमध्ये आले. १९०८ मध्ये औद्योगिक अभियांत्रिकी ऐच्छिक विषय म्हणून सुरू झाली. १९०९ मध्ये तिचा स्वतंत्र चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम झाला. जगातील या विषयाचा पहिला विभाग तो हाच. डीमर यांचा कारखान्याच्या संघटन व प्रशासनावरील ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

विभाग बाल्यावस्थेत असतानाच या विद्येची कसोटी लागली. १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारात स्टॉपवॉच लावून काम मोजले जाताच ओतशाळेतील कामगारांनी संप पुकारला. प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीपर्यंत पोहोचले. १९१५ मध्ये लष्करी खर्चाच्या विधेयकाद्वारे सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉचने काम मोजण्यास मनाई झाली. वाचलेल्या वेळेचा लाभ मालकाला की श्रमिकाला, हा प्रश्न तेव्हापासून या शास्त्राची पाठ सोडत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्रियात्मक संशोधन, संगणक आणि मानवी घटकांचा अभ्यास यांनी विषयाची कक्षा रुंदावली. केवळ कामाचा वेग न पाहता माणसाच्या शरीराला व मनाला झेपेल असे काम आखणे, हेही अभियंत्याचे कर्तव्य ठरले. पेन स्टेटचा विभाग आज औद्योगिक व उत्पादन अभियांत्रिकी विभाग म्हणून ओळखला जातो. हॅरोल्ड आणि इंगे मार्कस या दाम्पत्याचे नाव त्याला देण्यात आले आहे.

भारतात या विद्येचे प्रमुख केंद्र मुंबईत उभे राहिले. केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने १९६३ मध्ये राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था, अर्थात 'नीटी', स्थापन केली. विहार तलावानजीकची ही संस्था २०२३ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई झाली. नावातून औद्योगिक अभियांत्रिकी गेली. वॉटरटाऊनच्या कामगारांनी विचारलेला प्रश्न मात्र कायम आहे.