शिक्षा थांबवायची कोणी?

खालच्या कोर्टाचा निकाल विरोधात गेला की आपल्या मोहल्ल्यात पहिला सवाल असतो, 'स्टे मिळाला का?' उर्दू अखबार त्याला हुक्मे-इम्तिनाई म्हणतात, मराठीत स्थगिती किंवा मनाई हुकूम. 'इम्तिनाई' आणि 'मनाई' एकाच अरबी धातूच्या लेकी. शब्द घरातला असला तरी त्याबद्दलचा एक गैरसमज मात्र पक्का आहे. अपील दाखल केले की निकाल आपोआप थांबतो, असे पुष्कळ लोक धरून चालतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 41व्या आदेशातला नियम 5 नेमके उलटे सांगतो. नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. थांबवायची तर अपील कोर्टाला सबळ कारण पटवावे लागते. फौजदारी शिक्षेचेही तसेच. 1898 च्या संहितेत कलम 426, 1973 च्या संहितेत 389 आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत 430. आकडे बदलले, पण अपील चालू असेतोवर शिक्षा स्थगित करायची ती कोर्टाने, आणि कारणे लिहून, हे कायम राहिले.

मग राज्यपालांचे काय? नागरिकशास्त्राच्या तासाला राज्यपालांचे अधिकार शिकवताना आम्ही सांगतो की ते शिक्षा माफ करू शकतात, कमी करू शकतात, स्थगितही करू शकतात. संविधानाच्या 161व्या अनुच्छेदात तसे लिहिलेलेच आहे. कोर्टात अपील व्हायचे असताना राज्यपालांनी परस्पर शिक्षा थांबवली तर? हा प्रश्न आपल्या मुंबईतच उभा राहिला होता.

नौदलातले कमांडर कावस माणेकशा नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 रोजी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. पुढची कहाणी सिनेमांनी इतकी घोळली आहे की ती इथे परत सांगत बसत नाही. नऊ जणांच्या जूरीपैकी आठ जणांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सेशन जज्जांना ते पटले नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने 11 मार्च 1960 रोजी खुनाबद्दल जन्मठेप सुनावली.

त्याच दिवशी, निकालाची शाई वाळायच्या आत, मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांचा आदेश निघाला. सुप्रीम कोर्टात करायच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, आणि तोवर आरोपी नौदलाच्या ताब्यात, 'कुंजली'च्या कोठडीत. अपील तेव्हा दाखलही झालेले नव्हते. हायकोर्टाने काढलेले अटकेचे वॉरंट बजावले न जाताच परत आले. शेऱ्यात राज्यपालांच्या आदेशाचा हवाला! नौदलप्रमुखांच्या सांगण्यावरून आपण तसा सल्ला दिला, हे पंतप्रधान नेहरूंनीही पुढे मान्य केले. बाहेर करंजियांचे 'ब्लिट्झ' साप्ताहिक नानावटींच्या बाजूने रान उठवीत होतेच.

हायकोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने या आदेशाची तपासणी केली आणि तो बेकायदा नाही असा निर्वाळा दिला. खरी गाठ पडली ती दिल्लीत. सुप्रीम कोर्टाचा नियम असा की, शिक्षा झालेल्याने आधी हजर होऊन शिक्षेच्या अधीन व्हायचे, मगच अपिलाच्या परवानगीचा अर्ज सुनावणीला लागतो. नानावटींचे म्हणणे होते, राज्यपालांनी शिक्षाच थांबवली आहे, मग तुरुंगात जायचे कशाला? या अटीतून सूट द्या. हा अर्ज पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला.

5 सप्टेंबर 1960 रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. सरन्यायाधीश सिन्हा यांच्यासोबत बहुमतात सुब्बा राव, वांचू आणि आपले साताऱ्याचे गजेंद्रगडकर होते. त्यांनी राज्यपालांचा माफीचा अधिकार काढून घेतला नाही. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. मामला सुप्रीम कोर्टापुढे चालू असताना शिक्षा स्थगित करायची की नाही, जामीन द्यायचा की नाही, हे ठरवण्याची ताकद संविधानाने त्या कोर्टाला दिली आहे. एकाच वेळी एकाच शिक्षेवर दोन हाकीम हुकूम देऊ लागले तर कोणाचा मानायचा? म्हणून मामला कोर्टापुढे असेल तेवढ्या मुदतीपुरता राज्यपालांचा स्थगितीचा आदेश चालणार नाही. सूट नाकारली गेली.

पाचवे न्यायमूर्ती कपूर यांचे मत वेगळे पडले. 161व्या अनुच्छेदाच्या शब्दांत अशी कुठलीच मर्यादा नाही, मग कोर्टाने केलेल्या नियमाने संविधानाच्या अधिकाराला कात्री कशी लागेल, हा त्यांचा रोख. तर्क म्हणून तो कमजोर नाही. शब्दांवरच जायचे तर आम्हालाही तो बिनतोड वाटतो.

तरी आमचा कौल बहुमताकडे आहे, आणि त्याचे कारण कायद्याच्या पुस्तकाबाहेरचे आहे. त्याच काळात मुंबईच्या तुरुंगांत अपिलाची वाट पाहणारे आणखी कैदी होतेच ना? गोदी कामगार, गिरणी कामगार, हातगाडीवाले. त्यांच्यासाठी कोणी नौदलप्रमुख पंतप्रधानांकडे जाणार नव्हता. कुणाच्या बायकोने पाटल्या गहाण टाकून वकील केला, तर त्या वकिलाने कोर्टापुढे उभे राहून कारणे द्यायची, समोरच्या पक्षाने हरकत घ्यायची, आणि मग जज्जाने लिहून द्यायचे, एवढीच वाट त्यांना खुली होती. राज्यपालांच्या आदेशापूर्वी आहुजांच्या घरच्यांना कोणी विचारले होते? उघड्या कोर्टात हरकत घेता येते, राजभवनाच्या फायलीत नाही.

24 नोव्हेंबर 1961 रोजी सुप्रीम कोर्टाने नानावटींचे अपील फेटाळले आणि जन्मठेप कायम केली. पुढे 1964 मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. त्या माफीवर तेव्हाही बोलले गेले, आजही बोलता येईल. पण तेव्हा कोणत्याही कोर्टापुढे अपील बाकी नव्हते आणि राज्यपालांचा हुकूम कोणाच्या हुकुमाला आडवा जात नव्हता. 1968 मध्ये नानावटी कुटुंबासह कॅनडाला निघून गेले.